आर्थिक भार : निरंक

नव्या नियमाचा मसुदा टेबलावर आला की टिपणीत एक रकाना हटकून असतो, ‘आर्थिक भार’. नवखे अधिकारी तिथे अडखळतात, कॅलक्युलेटर शोधू लागतात. तुम्ही तसं करू नका. विधेयकाला जोडलेलं वित्तीय ज्ञापन राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, किती जाणार एवढंच विचारतं. महापालिकेची तिजोरी म्हणजे एकत्रित निधी नव्हे आणि लक्ष्मी रोडवरच्या दुकानाचा गल्ला तर नव्हेच नव्हे. बिनधास्त ‘निरंक’, म्हणजे शून्य, लिहा. खोटं बोलल्याचं पापही लागत नाही.

दुकानांच्या पाट्यांचं बघा. २०२२च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. पाटी मराठीत हवी, त्यावर पुण्यात दुमत असायचं कारण नाही. फक्त ती आपोआप उगवत नाही. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, म्हणून खाली पट्टी चिकटवून भागत नाही. दहा बाय तीनच्या पाटीवर इंग्रजी नाव आधीच काठोकाठ बसलेलं असलं तर आख्खी फ्रेम उतरवा, एलईडीची वायरिंग सोडवा, अक्षरं नव्याने कापा, परांची बांधा. एवढं करून वेलांटी चुकली की पहिलं गिऱ्हाईक आत येऊन खरेदी करत नाही, शुद्धलेखन शिकवतं. यातलं काहीही तुमच्या रकान्यात यायचं कारण नाही. राज्याच्या निधीतून एक रंगाचा डबाही गेलेला नाही.

कोणी फारच खनपटीला बसलं तर सूत्र वापरा : नियम पाळायला लागणारा वेळ, त्याचं मोल, वर्षातल्या खेपा आणि दुकानांची संख्या, यांचा गुणाकार. सूत्र खरं आहे, म्हणूनच जपून. वेळेच्या जागी ‘ऑनलाइन अर्ज, ५ मिनिटे’ लिहा. फोटो ठरलेल्या केबीत बसत नाही, ओटीपी सोडून गेलेल्या हिशेबनिसाच्या मोबाइलवर जातो आणि अर्धा दिवस मोडतो, हे पोर्टल बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. समजा त्या अर्ध्या दिवसाचे ४०० रुपये, वर्षाला २ खेपा आणि २०,००० दुकानं धरली, तर आकडा १ कोटी ६० लाखांवर जातो. असा आकडा कागदावर उघडा ठेवू नये. ‘प्रति दुकान प्रतिदिन सुमारे २ रुपये २० पैसे’ असं लिहा. अमृततुल्यातला चहाचा अर्धा कपही त्यात येत नाही, मग तक्रार कसली?

ओल्या कचऱ्याला तर सूत्रही नको. २०१६च्या नियमांनी दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं, आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. ‘जिरवा’ हा शब्द लिहायला सोपा आहे. हॉटेलच्या कचऱ्यात रस्सा, भाताचं पाणी, लिंबाच्या साली. त्यात वाळका पाला, भुसा किंवा कोकोपीट पुरेसं मिसळलं नाही तर हवा खेळत नाही, काळं पाणी सुटतं, अळ्या होतात आणि शेजारची सोसायटी तक्रार करते. रोज ढवळायला माणूस लागतो, यंत्र घेतलं तर विजेचं बिल. मग यंत्र तपासणीच्या दिवशीच घरघरतं. सोसायटीनं मात्र गांडूळखत प्रकल्प दाखवून मिळकतकरात ५ टक्के सवलत घेतलेली असते. ती सवलत महापालिकेच्या उत्पन्नातून जाते. राज्याचा खर्च? तोच आपला शब्द.

महापालिकेसाठी तर एकच वाक्य पाठ करा : ‘खर्च स्वनिधीतून व उपलब्ध मनुष्यबळातून भागवावा.’ २०१७ साली ११ गावं आणि २०२१ साली आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. हद्दवाढीच्या अधिसूचनेला लागतो तो एक कागद. पाण्याच्या टाक्या, ड्रेनेज, रस्ते ज्याचे त्याने बघावेत. स्वनिधी म्हणाल तर, जकात गेली, २०१३ला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ला ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला आणि २०१७ला जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला. आता भरपाईचा हप्ता येतो, आदेश जिथून येतात तिथूनच.

परदेशी दाखला हवा असेल तर अमेरिकेचा १९९५चा कायदा आहे. तिथे केंद्राची सक्ती राज्यांना आणि शहरांना किती महागात पडेल, याचा अंदाज तिथल्या संसदेपुढे, म्हणजे काँग्रेसपुढे, ठेवावा लागतो. तेवढं सांगू नका. पुढचं सांगा : अनुदानाची अट म्हणून घातलेलं बंधन त्या कायद्यात सहसा सक्ती धरलंच जात नाही. तुम्हीही नियमाला थोडं अनुदान जोडा. बांधायला पैसे द्या, चालवायला देऊ नका. प्लान्टचं उद्घाटन एकदाच होतं, वीजबिल दर महिन्याला येतं.

हरकती-सूचनांची मुदत शक्यतो दिवाळीत संपवा. व्यापाऱ्यांनी खर्चाचा तक्ता जोडला तर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून नस्तीत लावा. वर्षभराने क्षेत्रीय कार्यालयाकडून विहित नमुन्यात अहवाल मागवा. त्यात ‘अंमलबजावणीतील अडचणी’ असा रकाना ठेवायला हरकत नाही. तिथला कनिष्ठ लिपिक तो कसा भरायचा हे तुमच्याच टिपणीवरून शिकलेला असतो.