‘२० आणि २१ उघडले की एफटीपी चालते’ हा सल्ला कुठे चुकतो

एफटीपी (नेटवर्कवरून फाइलींची ने-आण करण्याची पद्धत) सर्व्हर लावणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: “फायरवॉलमध्ये आत येणारे २० आणि २१ हे पोर्ट उघडा. तरीही फाइलींची यादी येत नसेल तर पॅसिव्ह मोड लावून १०२४ च्या पुढचे सगळे पोर्ट मोकळे करा, तिथे काही चालत नसल्यामुळे धोका नाही. लिनक्स असेल तर कर्नलचे (गाभ्याचे) एफटीपी मॉड्यूल लोड करा, बाकीचे ते सांभाळते.” पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांकित दरवाजा आणि फायरवॉल म्हणजे त्या दरवाजांवरचा पहारेकरी. सल्ल्यातला २१, म्हणजे आज्ञा ज्यावर येतात तो आकडा, तेवढा निर्विवाद बरोबर आहे.

आधी २० चे पाहू. १९८५ च्या आरएफसी ९५९ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) नुसार एफटीपीत आज्ञांची आणि फाइलींची अशा दोन स्वतंत्र टीसीपी जोडण्या असतात. अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये क्लायंट (फाइली मागणारा संगणक) आपला पत्ता आणि पोर्ट कळवतो आणि सर्व्हर स्वतःच्या २० क्रमांकाच्या पोर्टावरून त्याच्याकडे जोडणी करतो. म्हणजे २० हा जोडणीचा उगम आहे. बाहेरून नवी जोडणी त्यावर येतच नाही. तो आत उघडणाऱ्या नियमाचा काउंटर (नियम किती वेळा लागू झाला ती मोजणी) पाहिला तर, पोर्ट स्कॅन करणारे सोडून, शून्यच दिसतो. अडवणूक होते ती क्लायंटच्या बाजूच्या फायरवॉलमध्ये, आणि ती सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हातात नसते. लॉगिन होते, पण यादीही फाइलींच्याच जोडणीतून येत असल्यामुळे ती मागताच सगळे अडकते, आणि दुरुस्ती मात्र सर्व्हरवरच्या २० ची चालू राहते: आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पॅसिव्ह मोडचा सल्ला योग्यच आहे. स्टीव्हन बेलोविन यांनी फेब्रुवारी १९९४ च्या आरएफसी १५७९ मध्ये फायरवॉलच्याच कारणासाठी त्याची शिफारस केली होती. येथे जोडणीची दिशा उलटते: सर्व्हर २२७ या उत्तरात सहा आकडे पाठवतो, त्यांतले पहिले चार पत्त्याचे आणि शेवटचे दोन पोर्टाचे असतात. शेवटी २३८ आणि १२२ आले तर २३८ गुणिले २५६ अधिक १२२, म्हणजे ६१०५० या पोर्टावर क्लायंटने यायचे असते. पण त्यासाठी १०२४ च्या पुढचे सगळे उघडणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. मायएसक्यूएल ३३०६ वर, पोस्टग्रेस ५४३२ वर, रेडिस ६३७९ वर (हे तिन्ही डेटाबेस) आणि विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर ऐकतो. ‘तिथे काही चालत नाही’ असे म्हणणाऱ्याने आपल्याच सर्व्हरवरची यादी एकदा पाहावी. व्हीएसएफटीपीडीसारख्या सर्व्हरमध्ये पॅसिव्ह पोर्टांची किमान आणि कमाल मर्यादा लिहिता येते. तिथे ६१००० ते ६११०० लिहावे आणि फायरवॉलमध्ये नेमका तोच पट्टा उघडावा. लिनक्स स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी मूळ रचनेत ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट वापरतो, त्यामुळे त्यांच्याशी टक्करही होत नाही. एकाच वेळी किती फाइली ये-जा करणार यावर पट्ट्याची रुंदी ठरवावी.

नियम बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर बहुधा सर्व्हर नॅटच्या (खासगी पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे लपवणाऱ्या राउटरच्या) मागे असतो आणि २२७ च्या उत्तरात १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता पाठवत असतो. काही क्लायंट तो पत्ता सोडून मूळ जोडणीचाच पत्ता वापरतात, म्हणून एकाचे चालते आणि दुसऱ्याचे चालत नाही. सर्व्हरच्या संरचनेत बाहेरचा पत्ता लिहावा आणि राउटरवरून तोच पट्टा, क्रमांक न बदलता, आत पाठवावा.

कर्नल मॉड्यूलचा मुद्दा अर्धवट खरा असल्यामुळेच अधिक फसवा आहे. हे मॉड्यूल आज्ञांच्या जोडणीतला मजकूर वाचते आणि पुढे येणारी फाइलींची जोडणी ‘संबंधित’ म्हणून ओळखते. मात्र २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून ते नुसते लोड करून भागत नाही. कोणत्या जोडणीला ते लावायचे हे नियमात स्पष्ट लिहावे लागते. त्याहून मोठी अडचण अशी की साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जात असल्यामुळे आज टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी पद्धत) लावले जाते, आणि टीएलएस लागले की आज्ञा कूटबद्ध होतात व मॉड्यूलला वाचण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी ठरावीक पट्टाच कामी येतो. ९९० पोर्टावर सुरुवातीपासून टीएलएस चालवणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण ९९० वर फक्त आज्ञांची जोडणी असते.

‘एसएफटीपीलाही हेच नियम लावा’ ही जोड कधीकधी दिलेली दिसते, ती नामसाधर्म्यातून आलेली आहे. एसएफटीपी हा एसएसएचचा (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीचा) भाग आहे. आज्ञा आणि फाइली एकाच जोडणीतून, सहसा २२ पोर्टावरून जातात. सर्व्हरवर केवळ तेच चालवायचे असेल तर २०, २१ आणि पॅसिव्ह पट्टा हे तिन्ही बंदच ठेवावेत.