जपानची नाणी कोणी खाल्ली?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मजकूर आला: ‘स्पेस इन्व्हेडर्स हा जगातला पहिला व्हिडिओ गेम. १९७८ साली त्याचं असं वेड लागलं की जपानात शंभर येनची नाणी संपली, टांकसाळीला उत्पादन तिप्पट करावं लागलं! शत्रू कमी होतील तसा वेग वाढवायची कल्पना तर अलौकिक.’

‘पहिला’ हे लगेच निकालात काढू. अटारी कंपनीचा पाँग हा गेम १९७२चा, आणि नाणं टाकून खेळायचा कॉम्प्युटर स्पेस त्याच्याही एक वर्ष आधीचा.

आता नाणी. टांकसाळीचे आकडे उघड आहेत. १९७७मध्ये शंभर येनची ४४ कोटी नाणी पाडली गेली. गेम आला त्या वर्षी २९ कोटी २० लाख, वेड शिगेला असताना, १९७९मध्ये, ३८ कोटी २० लाख. तिप्पट राहू द्या, १९७७ची बरोबरीसुद्धा नाही. १९८०चा ५८ कोटी ८० लाखांचा आकडा कुणी तोंडावर फेकेल, पण त्याहून जास्त नाणी १९७३ आणि १९७४मध्ये पाडली होती, तेव्हा हा गेम कुणाच्या डोक्यातही नव्हता.

आणि मुळात, मशीनमध्ये गेलेलं नाणं जातं कुठे? शाळेत असताना पुण्यात डेक्कनजवळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी खाऊचे पैसे उडवायचो. रात्री मालक मशीनच्या पोटातला डबा उपसायचा, रुपयांच्या दहा-दहाच्या चवडी रचायचा आणि शेजारचा वाणी नोटा देऊन त्या उचलायचा. पीएमटीच्या बसचा कंडक्टर ‘सुट्टे काढा’ म्हणून खेकसायचा त्या दिवसांत आमच्या गल्लीत सुट्टे मिळायचे ते त्या पार्लरच्या कृपेने! जपानी मशीनचा डबाही कधीतरी रिकामा होतच असणार. डबा भरलेला असताना आसपासच्या दुकानात चार दिवस चणचण भासली असेल, एवढं मी मान्य करतो. देशाची नाणी त्याने संपत नाहीत.

राहिला वेग. इथे मजकूर अर्धा खरा आहे, आणि खरी गोष्ट जास्त मजेची. हा गेम बनवणाऱ्या तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी पडद्यावर ५५ परग्रहवासी उभे केले. तेव्हाच्या प्रोसेसरला एवढ्यांना भराभर सरकवणं झेपेना. जितके मारावेत तितका भार हलका, उरलेले तितके जलद. निशिकादोंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी ते दुरुस्त केलं नाही! सोबत चार सुरांचा ठेका, तोही चढत जाणारा. कौतुक करायचंच तर त्या न केलेल्या दुरुस्तीचं करा. शेवटचा एकटा उरलेला प्राणी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला पळत सुटायचा, तेव्हा मागे उभी असलेली पोरं गप्प व्हायची आणि खेळणाऱ्याच्या खिशातला पुढचा रुपया आधीच हातात यायचा.