‘आई असून…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

डिसेंबरअखेरच्या हरणाच्या शिकारीवर मी लिहिलेल्या लेखाखाली पुण्याच्या एका ज्येष्ठ वाचकांनी भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. तिथंच उत्तर लिहायला बसले, पण ते आवरेना, म्हणून वेगळं टाकते. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच: मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिण भागात राहते, लेक अकरा वर्षांची आहे, नाताळच्या सुट्टीत मी तिला बॅराबूच्या बाजूला एका ओळखीच्या गोठेवाल्याच्या रानात शिकारीला नेलं आणि तिनं एक मादी टिपली. प्रतिक्रियेची सुरुवात अशी आहे:

“वडिलांनी नेलं असतं तर एक वेळ समजू शकलो असतो. पण आई असून, पोटच्या पोरीच्या हातात बंदूक देऊन मुकं जनावर मारून घ्यायचं आणि वर त्याचं कौतुक लिहायचं, यावरून तुमच्यावर काय संस्कार झाले असतील याची कल्पना येते.”

पुढे आणखी काही मुद्दे आहेत. डिसेंबरअखेर माद्या गाभण असतात, तिथल्या हरणांना रोग आहे आणि ते मांस लेकराला खायला घालता, संख्या कमी करायला लांडगे पुरेसे आहेत, करावरचं माझं वाक्य चूक आहे, आणि मुलगी पहिल्या संध्याकाळी ‘आज नको’ म्हणाली होती तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलंत. त्यांच्याकडे येईनच. आधी हे पहिलं वाक्य.

काका, तुम्ही सत्तरीचे आहात, ‘तुमच्या वडिलांच्या वयाचा’ आहात, हे तुम्हीच लिहिलंत. म्हणून काका म्हणते. पण वयाचा मान म्हणजे दुसऱ्याच्या आईबापावर घसरायचा परवाना नव्हे. कल्पना येते म्हणता, तर काय कल्पना आली ते लिहायचं होतं. अर्धं बोलून बाकीचं समोरच्याच्या डोक्यात सोडून द्यायचं, ही तऱ्हा मला ठाऊक आहे. लग्नकार्यात असे पाहुणे असतात.

आणि ‘वडिलांनी नेलं असतं तर’ का? तिच्या वडिलांनी आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नाही. थंडी सुरू झाली की हा माणूस कचरा टाकायलाही दोन स्वेटर घालून जातो. आमच्याकडे शिकार मी करते, रस्सा तो करतो, आणि दोन्ही कामं ज्याची त्याला चांगली जमतात. इथं शिकार-सुरक्षेचा कोर्स केला तेव्हा वर्गात बऱ्याच बाया होत्या. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही तो कोर्स केल्याशिवाय एरवी परवाना मिळत नाही. पहिलं हरीण सोलायला मला त्याच गोठेवाल्याच्या बायकोनं शिकवलं, तिची नात पाळण्यात शेजारी निजलेली असताना. तिला कुणी ‘आजी असून’ म्हणायला गेलं असतं, तर तिनं त्याच्या हातात सुरी देऊन मागचा पाय धरायला लावला असता.

आता संस्कारांचं. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. कापूस, तूर आणि विहिरीला पाणी टिकलं तर हरभरा. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाय. पुण्यात बसून रोही म्हटलं की छानसं जनावर डोळ्यांपुढे येत असेल, आमच्या डोळ्यांपुढे सकाळी सपाट झालेलं वावर येतं. भाऊ लहान होता, आईला गुडघ्यांचा त्रास, म्हणून बाबांबरोबर जागलीला मी जायचे. मचाणावर गोधडी, खाली शेकोटी, हातात पत्र्याचा डबा. तेव्हा ‘मुलगी असून’ असं कुणी म्हणालं नाही. पौषातल्या रात्री उघड्यावर काढताना ते कुणाला सुचलं नाही, आणि आता गरम कपड्यांत, परवाना काढून, आईच्या हाताच्या अंतरावर बसलेल्या मुलीबद्दल सुचतं.

एका सकाळी बांधावर रोही सापडलं. शेजारच्या रानात कुणीतरी डुकरांसाठी तारेचा फास लावला होता, त्यात त्याचा पुढचा पाय. रात्रभर ओढाताण करून खुराच्या वर कातडं असं उतरलं होतं की पांढरं दिसत होतं, आणि त्याच्याभोवतीची माती नांगरल्यासारखी उकरलेली. बाबांनी पोत्यानं त्याचं डोकं झाकलं, कारण झाकल्यावर ते शांत पडायचं. तार कापायला गेले तेव्हा त्यानं एक लाथ अशी मारली की बाबांचं मनगट सुजलं. परवानगी असलेला माणूस यायला दुपार कलली. तोवर बाबा उन्हात त्याच्याजवळ बसून होते, त्याच्या तोंडावर पाणी शिंपडत. ज्या जनावरानं आमचा अर्धा हरभरा खाल्ला त्याच्यासाठी. हे माझ्यावर झालेले संस्कार. तुमच्या कल्पनेत ते बसतात का ते बघा.

तेव्हापासून मला एक पक्कं कळलं आहे. जनावर मरणारच असेल तर ते कुणाच्या तरी नजरेसमोर, झटक्यात आणि ज्यानं मारलं त्याच्या जबाबदारीवर मरावं. फासात नाही, विजेच्या तारेत नाही, मोटारीखाली नाही. विस्कॉन्सिनमध्ये वर्षाला हरणांशी टकरीचे 15-16 हजार अपघात पोलिसांत नोंदले जातात. त्यातली किती हरणं जागच्या जागी मरत असतील? उरलेली मक्यात जाऊन पडतात, आणि त्यांच्यावर कुणी प्रतिक्रिया लिहीत नाही.

भारतात शिकारीला माझा पाठिंबा आहे असा कुणी अर्थ काढू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथं शिकार बंद आहे आणि बंदच राहावी. इथली गोष्ट वेगळी. 1900 च्या सुमाराला दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये हरीण दिसणं दुर्मीळ झालं होतं. बेसुमार शिकारीनंच, हे सांगायला मला लाज नाही. मग नियम आले, हंगाम ठरले, आणि आता राज्यात पंधरा लाखांहून अधिक हरणं आहेत. नोव्हेंबरच्या नऊ दिवसांत पाच लाखांहून जास्त परवानेधारक रानात उतरतात. त्यानंतरही जिथं संख्या उतरत नाही, अशा काही काउंट्यांत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत, 24 डिसेंबर ते 1 जानेवारी बिनशिंगांच्या हरणांसाठी आणखी मुभा मिळते. आम्ही गेलो ती हीच.

मुलीच्या हातात बंदूक ‘दिली’ असं तुम्ही लिहिता, जणू खेळणं दिलं. कसं असतं ते सांगते. 2017 पासून इथं मार्गदर्शकाबरोबर शिकारीला किमान वयाची अट उरलेली नाही. मला स्वतःला ही सूट फार सैल वाटते. पाच-सहा वर्षांच्या पोराला नेणारे आईबाप मला पटत नाहीत. पण नियमानं मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरातच असावं लागतं. उन्हाळाभर ती गोळीबाराच्या मैदानावर कागदावर नेम धरत होती. तिथं घरचा नियम असा की तीन गोळ्या बशीच्या आत पडल्या नाहीत तर शिकारीचं नाव काढायचं नाही.

हंगामअखेरची शिकार लहान मुलांना सोपी नसते, हे खरं. नोव्हेंबरभर बार ऐकून हरणं बिथरलेली असतात, उजेडात बाहेर पडत नाहीत. पण पारा शून्याखाली दहा-बारा उतरला की त्यांनाही पोटासाठी निघावंच लागतं, आणि उभा राहिलेला मका असेल तिथं ती दिवस मावळायच्या आधी येतात. दुपारी दक्षिणेकडच्या उतारावर उन्हात बसतात, तिथून खाली उतरतात. संध्याकाळी थंड हवा उतारावरून खाली सरकते, म्हणून आपण त्यांच्या खालच्या अंगाला बसायचं, म्हणजे आपला वास वर जात नाही. बर्फ वाळून कुरकुरीत झालेला, पाऊल टाकलं की आवाज. म्हणून तीनच्या आधी आडोशात जाऊन बसायचं आणि मग हलायचं नाही. लेकीनं हातमोज्याचं फक्त एक बोट मोकळं ठेवलं होतं, आणि ते बोट ती माझ्या काखेत घालून ऊब घेत होती. दुर्बिणीच्या काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली तेव्हा तिनं न सांगता तोंड बाजूला वळवलं, काच निवळेपर्यंत थांबली. मादी आडवी उभी राहिली, पुढचा पाय पुढे टाकलेला, तरी मी तिच्या कानात ‘थांब’ म्हटलं, कारण मागं दुसरं हरीण होतं. ते सरकलं. मग म्हटलं, ‘तुझं तू.’ बार झाल्यावर मादी मक्याच्या कडेपर्यंत पळाली आणि पडली. लेक रडली. ते मी मूळ लेखातही लिहिलं होतं, लपवलं नव्हतं, आणि तुम्ही तेच वाक्य उचलून माझ्यावर फेकलंत. जनावर मारून ज्याला काहीच वाटत नाही त्याच्याबरोबर मी तरी रानात जाणार नाही, मग ते माझं पोर का असेना.

मटणाच्या दुकानाचा मुद्दा मी काढत नाही. तो सगळेच काढतात, आणि तुम्ही शाकाहारी असाल तर तो फुकट जातो.

आता बाकीचं. माद्या गाभण असतात का? असतात. माज नोव्हेंबरच्या मध्याला, पाडसं मे-जूनमध्ये. संख्या कमी करायची तर मादीच मारावी लागते, नर मारून काही होत नाही. हा वाद इथंही झालेला आहे. 1943 मध्ये राज्यानं माद्या मारायला परवानगी दिली तेव्हा लोक इतके खवळले की त्याला ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ म्हणू लागले, आणि कळप कमी करा म्हणणाऱ्या आल्डो लिओपोल्डसारख्या वन्यजीवांच्या प्राध्यापकालाही शिव्या खाव्या लागल्या. तेव्हा तुम्ही चांगल्या संगतीत आहात, आणि मीही.

रोगाचं: हरणांचा तो मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये सापडला. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी तपासणीत रोग सापडलेल्या हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. आम्ही डोकं तपासणीच्या पेटीत ठेवलं, घशाच्या गाठींचा अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमधून काढलं नाही. अहवाल साफ आला. एवढी काळजी तुमच्या भाजीवाल्याच्या मेथीची कुणी घेत नसेल.

लांडगे: ते मुख्यतः उत्तरेकडे आहेत, आमच्याकडच्या गोठ्यांच्या रानात सोडायचे म्हणता का? 2021 च्या फेब्रुवारीत इथल्या शिकाऱ्यांनी 119 च्या मर्यादेऐवजी दोनशेच्या वर लांडगे तीन दिवसांत मारले, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. त्यात मी नव्हते. त्याचा जाब मला का?

करावरचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. इथं बंदुका-काडतुसांवर जो कर बसतो आणि 1937 च्या कायद्यानं वन्यजीवांच्या कामाला जातो, तो सरसकट 11 टक्के असं मी लिहिलं होतं. पिस्तुलांवर तो 10 टक्के आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. बघा, नीट सांगितलं की ऐकते मी.

राहिलं ‘आज नको’. पहिल्या संध्याकाळी एक मादी दोन पाडसांना घेऊन आली. लेक म्हणाली, “आई, आज नुसतं बघूया का?” आणि आम्ही नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गाडीत बसली. तिला ‘नको’ म्हणायची मोकळीक होती का, असं तुम्ही विचारता. आईलेकीत गाडीत काय बोलणं होतं याचा हिशेब मी प्रतिक्रियांच्या रकान्यात देणार नाही. मूल कधी कशाला बिचकतं आणि कधी त्याला थोडं पुढे ढकलावं लागतं, हे ज्यांनी वाढवलं त्यांना कळतं. पोहायला शिकवतानाही हेच होतं.

लेकीनं तुमची प्रतिक्रिया वाचली आहे. तिला मराठी वाचता येतं. तेही माझ्या संस्कारांत धरा. तिचं म्हणणं असं: “काकांना सांग, पुढच्या वर्षी जायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.” जसंच्या तसं देते आहे. ठरवायचं तीच ठरवते, हे यावरून तुम्हाला दिसायला हरकत नसावी.

यापुढे मुद्द्यावर लिहिलंत तर उत्तर देईन, वेळ मिळेल तसं. आईबापांवर गेलात तर प्रतिक्रिया काढून टाकीन, आणि का काढली हेही सांगत बसणार नाही. खाली ज्या ताईंनी रश्श्याची कृती विचारली आहे त्यांना: मांस चिवट असतं, मसाल्याला काळं तिखट घ्या, खोबरं भाजून वाटा, आणि कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. बाकी नवऱ्याला विचारून सांगते.