हप्त्याला ओळख लागत नाही: 'त्रस्त नागरिक' यांना उत्तर

नमस्कार त्रस्तबाब,

खरं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून घेतलेल्या नावालाच 'बाब' जोडतो. राग मानू नका. गोव्यातल्या आपल्या गावच्या बसस्थानकावर पोरं रात्री घालतात त्या धिंगाण्याबद्दल मी लेख लिहिला आणि प्रत्येक प्रभागाला एक ओळखीचा, लगेच बदली न होणारा बीट पोलीस, म्हणजे त्याच भागात नेमाने फिरणारा पोलीस, हवा असं म्हटलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ओळखीचा पोलीस म्हणजे ओळखीचा हप्ता, पोरांना चार दणके द्या, नाक्यानाक्यावर कॅमेरे लावा, भाड्याच्या खोल्यांतले भायले, म्हणजे बाहेरून आलेले लोक, हाकला, आठ दिवसांत गाव सरळ होईल, आणि मी मात्र बैठका नि चहापाणी सुचवत बसलोय.

हप्त्याचा मुद्दा सर्वांत वजनदार, तो शेवटी घेतो. आधी दणके.

ते देऊन झालेत. गेल्या पावसाळ्याआधी एका रात्री जीप आली, चौघांना कानाखाली बसली, मोटरसायकली ठाण्यावर गेल्या. बसस्थानक शांत झालं खरं, पण तीच टोळी मासळी मार्केटच्या मागच्या पायऱ्यांवर बसायला लागली. सकाळी पाटी घेऊन येणाऱ्या बायका आधी काचा झाडायच्या आणि मग मासळी मांडायच्या. बंदोबस्त कसा काय वाटला, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

शिवाय रस्त्यात थोबाडीत मारायचा अधिकार कायद्याने पोलिसाला दिलेलाच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ बघा. दारू पिऊन सार्वजनिक जागी गैरवर्तन केलं तर चोवीस तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. ज्याने बाटली फोडली त्यालाच त्या पायऱ्या झाडायला लावणं मला कानाखालच्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त आवडेल. पण ती शिक्षा न्यायालय देतं, जीपमधला शिपाई नव्हे. त्यासाठी केस उभी राहावी लागते, साक्षीदार लागतो. सतत त्रास देणाऱ्याकडून शांततेचा बाँड घ्यायचा, म्हणजे ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो, तीही कोणीतरी नावानिशी जबाब दिल्याशिवाय दंडाधिकाऱ्यापुढे टिकत नाही.

आणि घोडं नेमकं इथेच अडतं. सही कोण करणार?

नरकासुराच्या रात्रीचंच घ्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मंडळं नरकासुराचे पुतळे उभारून डीजे लावतात तिचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पहाटेपर्यंत नाही. आपल्याकडे तर दहाला कुठे डीजेची वायर जोडायला घेतात! आमच्या वाड्यावरच्या एका आजींनी गेल्या खेपेला ११२ वर फोन केला. पोलीस आले, आणि वेळेवर आले. पण गाडीतून उतरताच त्यातल्या एकाने मंडळाच्या पोरांसमोरच मोठ्याने विचारलं, "तक्रार कोणाची हो?" दुसऱ्या दिवशी आजींच्या गेटला नरकासुराचा एक कागदी हात लटकत होता, नखांसकट. त्या पुन्हा फोन करतील? तुम्ही केला असता?

याच वाड्यावर पूर्वी एक हवालदार यायचा. साडेनऊच्या सुमारास ऑम्लेट-पावाच्या गाड्यावर सोडा प्यायचा आणि मंडळाच्या मुख्य पोराला नावाने हाक मारून सांगायचा, "दहाला बंद. मी परत येतोय." आणि यायचा. कोणी कळवलं हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. लोक त्याला मतदार यादीपेक्षा जास्त गोष्टी सांगत असत. वर्ष उलटायच्या आत त्याची बदली झाली. मी लेखात मागितला तो असा माणूस. चहा त्याने प्यायला काय आणि न प्यायला काय.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. पण रात्री एकला काय झालं ते कॅमेरा दुसऱ्या दिवशी दाखवतो, तेही कोणी मागितलं तर. पडद्यावरचा चेहरा अमक्याचा धाकटा, हे सांगायला पुन्हा प्रभाग ओळखणारा माणूसच लागतो.

भायल्यांबद्दल: भाडेकरूंची पडताळणी सक्तीची करणारा कायदा गोव्याने २०२४ साली केला. त्यात माहिती पोलिसांना द्यायची जबाबदारी आणि न दिल्यास दंड, दोन्ही घरमालकाच्या माथी आहे. म्हणजे एका खोलीत आठ-दहा कामगार कोंबून भाडं रोख घेणारे आपलेच गावकरी. त्यांच्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत चकार शब्द नाही. आणि बसस्थानकावरची पोरं, ज्यांच्यावरून हे सगळं सुरू झालं, ती शिव्या अस्सल आपल्या बोलीत देतात.

आता हप्ता. तो नाही असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मटक्याची चिठ्ठी कुठल्या कोपऱ्यावर मिळते हे शाळकरी पोरगंही सांगेल. पण आठवून बघा, इतके अधिकारी आले नि गेले, मटका कधी हलला? बदल्यांनी हप्ता थांबत असता तर गोव्यात तो केव्हाच संपला असता. नव्या माणसाला ओळखी काढत फिरावं लागत नाही, त्याला तयार यादी मिळते. बदलीने तुटते ती आजींची ओळख. मटकेवाल्याची नाही.

हप्त्याला आडोसा लागतो, तेव्हा आडोसाच काढायला हवा. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ नंतर तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांना धरलं आणि ठाण्यातल्या खालच्या फळीलाही त्यात ओढलं. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगल आणि फुटक्या बाटल्या एका मापाने मोजता येत नाहीत, हे कबूल. पण चारचौघांत भेटणारा पोलीस आणि मागच्या दाराने भेटणारा पोलीस यांतला फरक तिथे दिसतो. केरळने २००८ मध्ये जनमैत्री योजना आणली, तीही बीटवरच्या पोलिसाने घरोघरी जाण्यावरच बेतलेली. गावातले तंटे गावातच मिटवा म्हणणारी महाराष्ट्राची २००७ची तंटामुक्त गाव मोहीम मात्र मी इथे आणू नये असंच म्हणेन. बक्षिसाची रक्कम समोर ठेवली की तंटे मिटण्याआधी कागदावर मिटतात.

तेव्हा बैठक ठाण्यात नको, देवळाच्या सभामंडपात किंवा पालिकेच्या सभागृहात हवी. मागच्या महिन्यातल्या तक्रारींचं काय झालं ते आधी वाचून दाखवायचं, तक्रारदाराचं नाव न घेता. बारा वाजल्यानंतरही उघडं राहणाऱ्या एखाद्या तवेर्नचं, म्हणजे दारूच्या गुत्त्याचं, नाव लागोपाठ दोन-तीन बैठकांत निघालं आणि काहीच घडलं नाही, तर काय चाललंय ते सगळ्या सभामंडपाला कळतं. त्यापुढे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या प्रकाश सिंह निकालातून अशी प्राधिकरणं निघाली. आपल्याकडे ते आहे, गंभीर गैरवर्तनाची तक्रार तिथे करता येते, पण ते माहीत असलेले लोक मला फारसे भेटत नाहीत.

एक शेवटचं. तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ मी गाळली आहे. तीत एका पोराचं नाव, आडनाव आणि बापाचा धंदा होता. तो अठराच्या आतला असेल तर त्याची ओळख छापायला बाल न्याय कायदा मनाई करतो, आणि नसला तरी मी छापणार नाही. तुम्ही त्याला खरंच बाटल्या फोडताना पाहिलं असेल तर ठाण्यात लेखी द्या. एकट्याने जायचं नसेल तर इथल्या संपर्काच्या पानावरून कळवा, मी सोबत येतो. पण सही तुमच्या खऱ्या नावाने करावी लागेल.