उदारपणा कसला, हिशोब होता सगळा

१८४०च्या दशकातल्या आयर्लंडच्या दुष्काळात जमीनदारांनी स्वखर्चाने कुळांना कॅनडाला पाठवलं याला लेखात उदारपणा म्हटलंय, ते काय पटलं नाही बुवा. वर्षाला ४ पौंड किंवा त्याहून कमी मूल्यांकनाच्या जमिनीचा गरीब-कर (गरिबांना पोसण्यासाठीचा स्थानिक कर) जमीनदाराच्याच बोकांडी, त्यामुळे अख्खं कुटुंब वर्षभर वर्कहाऊसात (त्याच करावर चालणाऱ्या गरीबगृहात) पोसण्यापेक्षा बोटीत बसवून दिलेलं स्वस्त पडायचं. आयर्लंडमधल्या स्ट्रोक्सटाऊनचा जमीनदार मेजर मॅहन याने १८४७ मध्ये हजाराहून जास्त माणसं अशीच क्वेबेकला धाडली, त्यातली कितीतरी टायफसने बोटीवरच गेली, आणि त्याच नोव्हेंबरात मॅहनलाही गोळी घातली कुणीतरी. क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल या क्वारंटाइन बेटावर त्या एका सीझनमध्ये ५००० च्या वर लोक पुरले! क्वेबेकमधल्या फ्रेंच घरांनी मात्र अनाथ पोरं सांभाळली, बऱ्याच जणांची आयरिश आडनावंसुद्धा बदलली नाहीत, त्यावर लिहा ना पुढच्या भागात.