खाज पायाला, रक्त हाताचं कशाला?

कातडीचा आजार हा आजार नसतो, हे आधी मनाशी पक्कं करा. हार्ट अटॅक हा आजार. गुडघा हा आजार. खाज म्हणजे फार तर गैरसोय. तेव्हा स्किनच्या डॉक्टरांनी पोटात घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर लिव्हर, किडनी, सीबीसी (म्हणजे रक्तपेशींची मोजणी) अशा तपासण्या सांगितल्या, की जातिवंत पुणेकराने ओळखावं: लॅबवाल्याशी संधान आहे. खाज पायाला, मग रक्त हाताचं कशाला? हा प्रश्न डॉक्टरांना मात्र विचारू नका, त्यांच्याकडे उत्तर असतं. तो खाली जिन्यात, सोबत आलेल्या मेहुण्याला विचारा.

सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट मिळालं असेल तर आपलं भाग्य थोर. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आता आपल्यात आठवड्यातून एकदा उपास असतो, औषध नसतं. बीपीची रोज, शुगरची रोज, मग हिनेच काय घोडं मारलंय? डॉक्टर ‘फक्त सोमवारी’ असं लिहून खाली दोन रेघा मारतात, त्याकडे हस्ताक्षराचा नमुना म्हणून पाहावं. बाकीच्या दिवशी घ्यायला फॉलिक ॲसिड दिलेलं असतं. बऱ्याचदा दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि बारक्या. त्या एकाच डबीत ठेवा आणि चष्मा न लावता घ्या.

रोज घेऊ लागलात की थोड्याच दिवसांत तोंड येईल, मऊ भातसुद्धा गिळवणार नाही. ‘उष्णता झाली’ म्हणा आणि गुलकंद खा. आत बोनमॅरोने नव्या रक्तपेशी तयार करणं बंद करत आणलेलं असतं, पण ते वरून दिसत नाही, आणि आपला आजार तर वरवरचा ठरलाय. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या की साधा तापही माणसाला घेऊन जातो. सीबीसीत हे आधी दिसलं असतं, पण तिथे ते संधान आडवं आलं. दरम्यान कंबर धरली तर पेनकिलर परस्पर घ्या. त्याने मेथोट्रेक्सेट बाहेर टाकण्याचं किडनीचं काम रेंगाळतं, पण कंबर थांबते ना! आणि शनिवारचे ‘दोनच’ पेग सोडू नका, लिव्हरला एकटं वाटायला नको.

मुलांच्या पिंपल्सना डॉक्सिसायक्लिन देतात. ही कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर घेऊन नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, असं सांगतात. सांगणारा बाहेरगावचा असावा. दुपारी एक ते चार या शहरात आडवं व्हायचं नाही? कोरडीच गिळा आणि झोपा. ती अन्ननलिकेत चिकटून तिथे व्रण पाडते, चार वाजता चहाचा पहिला घोट जाताना कळेलच. रविवारी सिंहगड. या औषधावर ऊन बाधतं म्हणून टोपी, पूर्ण बाह्या वगैरे घालून जाणारे लोक मावळ्यांचे वारस नव्हेत. वर मटक्यातलं दही खाऊन त्यावरच कॅप्सूल घ्या. कॅल्शियम तिचा थोडा वाटा अडवून ठेवतं.

पिंपल्स फारच हट्टी असले तर आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल देतात. तिचा डोस वजनावर ठरतो, साधारण किलोला दिवसाला अर्धा ते एक मिलिग्रॅम. तरी ४८ किलोच्या मैत्रिणीची कॅप्सूल ८० किलोच्या भावाने घ्यायला हरकत नाही, प्रेम महत्त्वाचं. ती तेला-तुपाच्या जेवणाबरोबर नीट शोषली जाते, म्हणजे मिसळीच्या तर्रीला वैद्यकीय कारण सापडलं अशी उभ्या आयुष्यातली एकमेव संधी, आणि आपण ती ब्लॅक कॉफीबरोबर घेतो! ओठ फुटतात, रक्तातली चरबी (ट्रायग्लिसराइड्स) वाढू शकते. गर्भावर तिचा परिणाम भयंकर होतो, म्हणून बायकांनी कोर्स संपल्यावरही महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो (हे एक वाक्य मी उपरोधाने लिहू शकत नाही, माफ करा). रक्तदानही तेवढाच काळ बंद, कारण ती बाटली एखाद्या गरोदर बाईला चढू शकते. पण मंडळाच्या शिबिरात फॉर्म वाचतो कोण? भेटवस्तू चांगली होती.

प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी म्हणजे पूर्वी वाड्याची आणि आता सोसायटीची सामायिक मालमत्ता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पेम्फिगससाठी (अंगावर फोड येण्याचा आजार) दिली, आपण नायट्यासाठी दोन मागून आणाव्यात. खाज लगेच उतरते. बुरशीलाही बरं वाटतं, प्रतिकारशक्ती झोपल्यावर ती मांड्यांवरून कमरेपर्यंत मोकळी हिंडते. बदल्यात काकूंना सल्ला द्या: ‘डॉक्टर गोळी पाव-पाव कमी करायला सांगतात ना, एकदम सोडा.’ इतके महिने आयतं स्टिरॉइड मिळाल्यावर शरीरातली ॲड्रिनल ग्रंथी, बदली कामगार लाभलेल्या कायम कर्मचाऱ्यासारखी, जागेवर नसते. बीपी कोसळेल तेव्हा काकूंना लिंबू-सरबत द्या.

डॅप्सोनच्या गोळीआधीची जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनच्या गोळीसाठीची डोळ्यांची तपासणी यांवर वेळ घालवत नाही. रक्तपेशी फुटताना आवाज होत नाही, आणि डोळ्याच्या पडद्याचं नुकसान कळेपर्यंत पाच-दहा वर्षं जातात. तोवर डॉक्टरही बदललेला असतो.

हे सगळं मनापासून पाळलंत तर एखाद्या रात्री इमर्जन्सीत तुमच्यासमोर पोरगेलासा डॉक्टर उभा राहील आणि विचारेल, “काका, कुठली औषधं चालू आहेत?”

ठणकावून सांगा, “छे हो, काही नाही. ती एक पिवळी, कातडीची. पण घेतो हं अगदी वेळेवर. एक दिवस चुकवली नाही.”