घोडबंदरकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

फेसबुकवरच्या डेटाचा मालक कोण, या माझ्या लेखावर घोडबंदरकर नावाने कोणीतरी लिहिलंय, 'काका, आधी टर्म्स वाचा, मग मालकी सांगा. आणि मित्रांचे नंबर, वाढदिवस हे तुमचे कसे? केंब्रिज अ‍ॅनालिटिका विसरलात?' (म्हणजे ती ब्रिटिश कंपनी, जिच्याकडे एका प्रश्नावलीच्या अ‍ॅपमधून फेसबुकवाल्यांची आणि त्यांच्या मित्रांचीही माहिती परस्पर गेली.)

'माझा म्हणजे माझाच' हे शीर्षक जरा भडक झालं, मान्य. पण हा काय सूर झाला? काका मी माझ्या पुतण्यांचा. आणि अहो, वाचल्यात टर्म्स, म्हणजे फेसबुकच्या वापराच्या अटी, चष्मा लावून वाचल्यात. स्वच्छ लिहिलंय की तुम्ही टाकलेल्या फोटोची, मजकुराची मालकी तुमचीच, कंपनीला फक्त वापरायचं लायसन्स, फुकट, जगभर आणि पुढे दुसऱ्यालाही देता येईल असं. लायसन्स अवाढव्य आहे हे मलाही दिसतं हो, पण देणारा मालकच असतो ना? फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने, मजकूर काढला की लायसन्स संपतं, हा भागच टर्म्समधून उडवला होता, लोकांनी बोंब मारली आणि थोड्याच दिवसांत जुन्या टर्म्स परत आणाव्या लागल्या. तेव्हा तुम्ही बहुतेक ऑर्कुटवर स्क्रॅप टाकत असाल.

मालकी मला शिकवू नका. ऐन उमेदीत नौपाड्यात भावाच्या फोटो स्टुडिओत काउंटरवर बसलोय. लग्नाच्या निगेटिव्ह पिवळ्या पाकिटात, वर बॉलपेनने आडनाव आणि बिल नंबर, आणि गिऱ्हाईक मागायला आलं की भाऊ म्हणायचा, 'प्रिंट तुमच्या, निगेटिव्ह स्टुडिओची.' एकदा एक वकीलबाई आल्या, त्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ ऐकवलं, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईकच. भावाने मुकाट्याने पाकीट काढून दिलं. (फिल्म मात्र आपलीच, हे तो अजून धरून आहे.) तर कपाट ज्याचं त्याचा माल होत नाही, एवढं मला टर्म्स न वाचताही कळतं.

राहिले मित्रांचे नंबर. २००८ मध्ये रॉबर्ट स्कोबल या ब्लॉगरने फेसबुकवरच्या मित्रांचे इमेल स्क्रिप्ट (आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) लावून बाहेर काढायला घेतले, तर त्याचं अकाउंटच बंद केलं, मग परत दिलं. यादी त्याची की पत्ते मित्रांचे, यावर तेव्हाही जुंपली होती, आता माझ्याकडूनच निकाल हवाय? केंब्रिज अ‍ॅनालिटिकात भारतातल्या ३३५ जणांनी ते अ‍ॅप घेतलं आणि फेसबुकच्याच हिशोबाने ५,६२,४५५ जणांपर्यंत झळ पोचली असू शकते, पण तिथे मित्रांचं दार उघडं ठेवलं कोणी? मी? आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही माहिती दुरुस्त करून, पुसून घ्यायचा हक्क ज्याची माहिती त्यालाच दिलाय, सांभाळणाऱ्याला नाही.

आणि माझ्या कुठल्या मित्राला माझ्या यादीतला आपला नंबर खुपत असेल तर त्याने मला फोन करावा, लगेच काढतो.